कढईत उरलेल्या तेलाचा हिशेब

बँकेत असताना फरसाणवाल्यांचे, छोट्या हॉटेलांचे ताळेबंद मी पुष्कळ पाहिले. बेसन, भाडं, पगार, सारं कागदावर असे. कढईत उरलेल्या तेलाला तेवढा रकाना नसे. तरी ते विकलं जाई. मागच्या दारानं, डब्यानं, एखाद्या गाडीवाल्याला. तो त्यातच पुन्हा भजी तळी.

तेल वारंवार तापलं की त्याचं विघटन होतं, त्यातली ध्रुवीय संयुगं वाढतात. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून त्यांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापुढचं तेल खाण्यात वापरायचं नाही. मग त्याचं करायचं काय? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राधिकरणानं हे तेल गोळा करून जैवडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ योजना सुरू केली.

कृती तशी जुनीच. तेल गाळायचं, पाणी काढायचं, फार जळलेलं असेल तर आधी आम्लाची प्रक्रिया करायची आणि कॉस्टिक सोड्यासारख्या उत्प्रेरकाच्या साथीनं मिथेनॉलबरोबर तापवायचं. १०० किलो तेलाला साधारण १० ते ११ किलो मिथेनॉल लागतं. हाती येतं जवळपास १०० किलो जैवडिझेल आणि तळाशी १० किलोच्या आसपास ग्लिसरीन. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, म्हणून हे काम कारखान्यातच व्हायला हवं.

खरी अडचण भावाची आहे. डबा मिळवायचा तर कारखानदारानं गाडीवाल्यापेक्षा दोन पैसे जास्त मोजायला हवेत, आणि तयार इंधन मात्र पंपावरच्या डिझेलच्या भावाशी झगडतं. रोज ५० लिटरहून अधिक तेल तळणाला लागणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून नोंद ठेवणं बंधनकारक झालं. नाक्यावरची कढई त्या रेषेखालीच राहते. गाडीवाल्याला तरी दोष कसा द्यावा? ज्या देशात निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं, तिथं ताजं तेल त्याला परवडतच नाही. त्या स्वस्ताईची किंमत त्याचं गिऱ्हाईक, हमाल आणि रिक्षावाला, आपल्या पोटानं चुकवतं.

२०१८ च्या धोरणानं २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं. माझ्यातला जुना बँकवाला मात्र लिटर मोजण्याआधी खाण्यातून बाहेर पडलेले डबे मोजील. तुम्हीही नेहमीच्या हॉटेलवाल्याला एकदा विचारून पाहा : उरलेलं तेल कुणाला देता, आणि पावती मिळते का?