विसरण्याचे गणित

परीक्षेच्या वर्गात हा अनुभव तुम्ही घेतला असेलच. प्रश्न ओळखीचा असतो. त्याचे उत्तर पुस्तकाच्या डाव्या पानावर, आकृतीच्या खाली आहे, हेही आठवते. त्या ओळीखाली आपण पेन्सिलीने रेघ मारली होती, तीसुद्धा डोळ्यांसमोर येते. उत्तर तेवढे आठवत नाही! शेवटी घंटा होते, उत्तरपत्रिका गोळा होतात आणि वर्गाबाहेर पाऊल टाकताच ते उत्तर आपण होऊन पुढे उभे राहते.

अशा वेळी पुष्कळ विद्यार्थी एकच निष्कर्ष काढतात : ‘माझी स्मरणशक्तीच कमी आहे.’ मग कोणी रात्री बदाम भिजत घालतो, कोणी जाहिरात पाहून स्मरणशक्तीच्या औषधाची बाटली आणतो, तर कोणी तो विषयच सोडून देतो. यांतला शेवटचा प्रकार सर्वांत नुकसानीचा. कारण वरच्या उदाहरणात उत्तर डोक्यात होतेच. वेळेवर बाहेर आले नाही, एवढेच. बहुतेक वेळा उणीव स्मरणशक्तीत नसते, तिच्याकडून काम करून घेण्याच्या पद्धतीत असते. आणि पद्धत बदलता येते. कशी, ते पाहू या.

तीन पायऱ्या

एखादी गोष्ट लक्षात राहते याचा अर्थ तीन कामे नीट झालेली असतात. पहिले ग्रहण, म्हणजे ती गोष्ट मनात घेणे. दुसरे धारण, म्हणजे ती टिकवून ठेवणे. तिसरे स्मरण, म्हणजे हवी तेव्हा ती बाहेर काढणे. अभ्यास करताना आपण जवळजवळ सगळा वेळ पहिल्या पायरीवर घालवतो. वाचतो, पुन्हा वाचतो, खुणा करतो, पुन्हा वाचतो. परीक्षेत मात्र गुण मिळतात ते तिसऱ्या पायरीचे! जिचा सराव कधी केलाच नाही, ती पायरी ऐन वेळी निसटली तर नवल कसले?

पहिली पायरीही रोजच्या व्यवहारात कच्ची राहते. सायकलची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, तेव्हा आपण म्हणतो, ‘विसरलो.’ खरे तर विसरण्यासाठी आधी ती नोंद मनात व्हावी लागते. किल्ली ठेवताना आपले लक्ष मित्राच्या हाकेकडे होते, म्हणून नोंद झालीच नाही. यावरचा उपाय अगदी साधा आहे. वस्तू ठेवताना क्षणभर थांबा आणि ‘किल्ली कपाटावर ठेवतो आहे’ असे स्वतःशी म्हणा.

ग्रहणाला दुसरी मर्यादा जागेची असते. पुढचे आकडे एकदाच वाचा, मग डोळे मिटून म्हणा :

१ ८ ५ ७ १ ९ ४ ७ १ ९ ६ ०

जमले का? बहुतेकांची गाडी सात-आठ आकड्यांच्या आसपास अडते. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ही मर्यादा साधारण सात गोष्टींची असल्याचे मांडले. पुढच्या संशोधकांना ती आणखी कमी, चारच्या आसपास वाटते. आता तेच आकडे असे वाचा : १८५७, १९४७, १९६०. स्वातंत्र्यसमराचे वर्ष, स्वातंत्र्याचे वर्ष आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे वर्ष. बारा आकड्यांच्या तीनच गोष्टी झाल्या! मेंदूतली जागा वाढली नाही. आपण सामान गाठोड्यांत बांधले. ‘तानापिहिनिपाजा’ या एका शब्दात इंद्रधनुष्याचे सात रंग आपण असेच बांधून ठेवलेले आहेत. मात्र गाठोडे बांधायला आधी काही माहीत असावे लागते. ज्याला इतिहास ठाऊक नाही, त्याला १८५७ हे नुसते चार आकडेच दिसतील. म्हणूनच समजून घेतलेला धडा न समजलेल्या धड्यापेक्षा लवकर पाठ होतो.

एबिंगहाउसचा हट्ट

दुसऱ्या पायरीचे, म्हणजे धारणेचे, मोजमाप प्रथम केले ते हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने. आपण किती वेगाने विसरतो, हे त्याला आकड्यांत हवे होते. कविता किंवा उतारे घेतले तर अर्थाची मदत होते आणि मोजणी बिघडते. म्हणून त्याने अर्थाशी संबंध नसलेले, सुमारे २३०० अक्षरजोडणीचे तुकडे तयार केले. त्यांच्या याद्या करून तो त्या पाठ करी. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच! ठरावीक वेळ गेल्यावर तीच यादी तो पुन्हा पाठ करी आणि या वेळी किती श्रम वाचले ते मोजी. समजा, पहिल्यांदा १० मिनिटे लागली आणि दुसऱ्यांदा ६, तर ४० टक्के बचत झाली; तेवढा भाग मनात शिल्लक होता. १८८५ मध्ये त्याने हे प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्याचे आकडे साधारण असे आहेत :

२० मिनिटांनंतर शिल्लक : ५८ टक्के
१ तासानंतर : ४४ टक्के
९ तासांनंतर : ३६ टक्के
१ दिवसानंतर : ३४ टक्के
२ दिवसांनंतर : २८ टक्के
६ दिवसांनंतर : २५ टक्के
३१ दिवसांनंतर : २१ टक्के

आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडून पाहा. रेषा आधी कड्यासारखी कोसळते आणि मग पठारासारखी सपाट होत जाते. पहिल्या एका तासात ५६ टक्के गेले. पण सहाव्या दिवसापासून एकतिसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे पंचवीस दिवसांत, फक्त ४ टक्के. हे आकडे निरर्थक तुकड्यांचे आहेत. समजून घेतलेला धडा इतक्या वेगाने जात नाही, हे खरे. तरी विसरण्याचा मोठा भाग सुरुवातीलाच होतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्यांची रेषाही बरीचशी अशीच आली.

एबिंगहाउसला आणखी एक गोष्ट आढळली. बारा तुकड्यांची यादी त्याने एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा म्हटली, तेव्हा दुसऱ्या दिवशी जो फायदा दिसला, तेवढाच फायदा तीन दिवसांत विभागून म्हटलेल्या ३८ आवर्तनांत मिळाला. म्हणजे जवळजवळ निम्म्या श्रमात तेच फळ!

दिवेलागणीचा परवचा

हे वाचून तुमच्या आजी-आजोबांना नवल वाटणार नाही. दिवेलागणीला हातपाय धुऊन, देवापुढे बसून परवचा म्हणण्याची रीत अनेक मराठी घरांत होती. त्यात पाढे असत आणि त्यांच्याबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीही असत. ही रीत शास्त्राच्या दृष्टीने तपासून पाहा. हातात पुस्तक नाही, म्हणजे प्रत्येक शब्द आठवूनच म्हणायचा. रोज थोडेच म्हणायचे, पण महिनोन्‌महिने. चुकले की तिथल्या तिथे मोठे माणूस दुरुस्त करणार. एबिंगहाउसने कागदावर मांडलेली गोष्ट इथे नेमाने चालत होती. पाढ्यांना नुसता क्रम पुरतो. विज्ञानाच्या धड्याला समजही लागते. पण थोडे, रोज आणि न पाहता हा नेम दोन्हींना लागू पडतो.

अंतर ठेवल्याने असा फरक का पडतो, याचे एक उत्तर समुद्रातल्या एका गोगलगाईने दिले. अॅप्लिसिया हे तिचे नाव. तिच्या चेतापेशी आकाराने मोठ्या असल्याने त्यांचा अभ्यास करणे सोपे जाते. एरिक कँडेल या शास्त्रज्ञाला आढळले, की थोड्याशा अनुभवाने चेतापेशींमधल्या जोडांचे काम तेवढ्यापुरते वाढते. पण तोच अनुभव दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा दिला, तर पेशी नवी प्रथिने बनवतात आणि त्यांच्यात नवे जोड उगवतात. ही आठवण आठवडेच्या आठवडे टिकते. या संशोधनासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. म्हणजे टिकाऊ आठवण हे एक बांधकाम आहे. भिंतीवर एकाच दिवसात सगळे पाणी ओतून ती पक्की होत नाही. रोज थोडे मारावे लागते.

वाचावे की आठवावे?

आता तिसऱ्या पायरीकडे वळू. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना लहानसे उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. काही एकदाच वाचले आणि दुसऱ्या वेळेला, उतारा न पाहता, आठवेल ते कागदावर लिहून काढले. पुढे सगळ्यांची परीक्षा घेतली.

पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत दोनदा वाचणारे पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवले, तर लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. दोन दिवसांनी चित्र उलटले. दोनदा वाचणारे ५४ टक्क्यांवर आले, लिहून काढणारे ६८ वर राहिले. आठवड्याने हे आकडे ४२ आणि ५६ होते.

या आकड्यांत विद्यार्थ्याला फसवणारी एक गोष्ट दडलेली आहे. धडा पुन्हा वाचला की तो ओळखीचा वाटतो, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असे आपण समजतो. पाच मिनिटांनी विचारले तर उत्तरही येते. त्यामुळे रात्री पुस्तक मिटताना समाधान वाटते. उलट, पुस्तक मिटून आठवायला बसले की अडखळायला होते, कागद अर्धा कोरा राहतो आणि ‘आपल्याला काहीच येत नाही’ असे वाटू लागते. याच अडखळण्याने घाबरून पुष्कळजण पुन्हा वाचनाकडे वळतात. पण जोर लावून आठवणे हाच तर सराव आहे. न आठवलेला भाग पुस्तकात पाहून दुरुस्त केला, की ती जागा पुढच्या वेळेसाठी पक्की होते. तेव्हा अभ्यास करताना अडखळलात तर खचू नका. अभ्यास नीट चालला आहे, असे समजा.

झोपही अभ्यासातच धरा

परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग सांगतो. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला दिल्या. पाठ करून आठ तास झोपल्यावर त्यांना दहांपैकी पाचांहून अधिक तुकडे आठवत. तेवढेच तास जागेपणी नेहमीच्या कामांत गेले, तर जेमतेम एखादा! झोपेत मेंदू दिवसाच्या नोंदी घट्ट बसवण्याचे काम करतो, हे नंतरच्या अनेक प्रयोगांतूनही दिसून आले आहे. म्हणून झोप तोडून वाढवलेला अभ्यास बहुधा तोट्याचाच ठरतो.

रोजच्या कामांसाठी

कामे विसरू नयेत म्हणून जुन्या बायका पदराला गाठ मारून ठेवीत. कल्पना चांगली होती, पण तीत एक उणीव होती. काहीतरी करायचे आहे, एवढे गाठ सांगे. काय करायचे, ते सांगत नसे! म्हणून खूण अशी निवडा, की ती योग्य जागी भेटेल आणि कामही सांगेल. ग्रंथालयाचे पुस्तक परत करायचे असेल तर ते रात्रीच चपलांजवळ ठेवा. मनाशी ठरवतानाही ‘उद्या पुस्तक द्यायचे आहे’ असे मोघम न ठरवता ‘मधल्या सुटीची घंटा झाली, की ग्रंथालयात जायचे’ असे ठरवा. घंटा आपोआप आठवण करून देईल.

नव्या माणसाचे नाव लक्षात ठेवायचे असेल, तर ऐकताच बोलण्यात ते एकदा वापरा, पाच मिनिटांनी मनात आठवा आणि रात्री झोपताना पुन्हा आठवा. हाही छोटा परवचाच आहे.

करून पाहा

एक वही अभ्यासाच्या परवच्यासाठी ठेवा. धडा समजून घेऊन वाचला, की पुस्तक मिटा आणि मुद्दे लिहा. मग पुस्तक उघडून चुका तांबड्या शाईने दुरुस्त करा. हेच दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने करा. हे दिवस म्हणजे काही काटेकोर नियम नव्हे. परीक्षा लांब असेल तर अंतर वाढवा, जवळ असेल तर कमी करा. प्रत्येक वेळी दहा मिनिटे पुरतात.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करता येईल. न शिकवलेला एक उतारा घ्या. अर्ध्या वर्गाने तो दोनदा वाचावा. उरलेल्यांनी एकदा वाचून, न पाहता लिहून काढावा. लगेच दहा प्रश्न विचारू नका. आठवडाभर थांबा आणि मग दोन्ही गटांचे सरासरी गुण फळ्यावर मांडा. वर्गात मुले कमी असतील तर फरक ठळक दिसेलच असे नाही. म्हणून निराळे उतारे घेऊन, गटांची अदलाबदल करून, प्रयोग दोन-तीनदा करावा.

आता हा अंक मिटा आणि पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा.

१) लक्षात राहण्याच्या तीन पायऱ्या कोणत्या?
२) एबिंगहाउसच्या प्रयोगात एका दिवसानंतर किती टक्के शिल्लक होते?
३) दोनदा वाचणारे विद्यार्थी कोणत्या परीक्षेत पुढे होते आणि पुढे मागे का पडले?
४) पदराच्या गाठीत काय उणीव आहे?

जे अडेल ते अंकात शोधा. हेच प्रश्न उद्या, अंक न उघडता, पुन्हा सोडवा. आणि पुढच्या आठवड्यात आणखी एकदा.