हॉकिंगकडून नेमकं काय घ्यायचं?

मागे एकदा याच विषयावर बोललो होतो, तेव्हा भाषण संपल्यावर एक बाई भेटायला थांबल्या. त्यांच्या यजमानांना मोटर न्यूरॉनचा आजार आहे. त्यांचं बोलणं आता घरच्यांनाच काय ते कळतं. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना स्टीफन हॉकिंगचं उदाहरण देतो, मनात आणलं तर माणूस काय करत नाही, असं सांगून चहा पिऊन जातो. बाई म्हणाल्या, "आता हे मलाच विचारतात, मी मनात आणत नाहीये का गं?"

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

आधी आजार समजून घेऊ. आपण हात उचलतो, घास गिळतो, बोलतो, तेव्हा मेंदूतून आणि मज्जारज्जूतून स्नायूंकडे हुकूम जातो. हा हुकूम नेणाऱ्या चेतापेशी या आजारात एकेक करून मरतात. स्नायू वाळत जातात. स्पर्श कळतो, ऐकू येतं, बहुतेकांची बुद्धीही शाबूत राहते. बहुतेक रुग्ण दोन ते पाच वर्षं जगतात, दहा वर्षांपुढे जाणारा दहांत एखादा. हॉकिंग निदानानंतर ५५ वर्षं जगले. ही इच्छाशक्तीची करामत नव्हे. त्यांचा आजारच विलक्षण हळू पुढे सरकला. हे नशीब होतं, आणि ते तसंच सांगायला हवं. नाहीतर तीन वर्षांत गेलेल्या माणसावर आपण नकळत ठपका ठेवतो.

मग त्यांचं स्वतःचं काय? ते बघू.

१९६१ साली इंग्लंडमधल्या एका शिबिरात आपले जयंत नारळीकर त्यांच्याशी टेबल टेनिस खेळले आणि जिंकले, अशी आठवण नारळीकर सांगत. म्हणजे तेव्हा त्या हातात बॅट होती. १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी निदान झालं, दोनेक वर्षं आहेत असं सांगितलं गेलं. पोरगा खचला. संशोधनात लक्ष लागेना. पुढे जेन वाइल्डशी लग्न ठरलं. लग्नाला नोकरी हवी, नोकरीला पीएच.डी. हवी, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मन लावून अभ्यासाला लागलो, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मला ही गोष्ट फार आवडते. जगाला काही सिद्ध करून दाखवायचं वगैरे त्यात काही नाही, संसार मांडायचाय एवढंच!

हात गेले तेव्हा लांबलचक समीकरणं कागदावर सोडवणं बंद झालं. मग त्यांनी प्रश्नच असे निवडले, की जे चित्रासारखे, भूमितीसारखे डोक्यात फिरवता येतील. १९७० साली, मुलगी लुसीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, एका रात्री ते झोपायला निघाले होते. अंथरुणावर पडायलाच त्यांना बराच वेळ लागायचा. त्या वेळात कृष्णविवरांचा विचार चालू होता, आणि विवराच्या सीमेचं क्षेत्रफळ कधी कमी होऊ शकत नाही, हे लक्षात आलं. पुढे १९७४ साली कृष्णविवरांतूनही किरण बाहेर पडतात हे त्यांनी मांडलं, त्याची वाट इथूनच गेली.

आणि हे एकट्याने नाही बरं का. घर, तीन मुलं आणि नवऱ्याचं सगळं जेननं वर्षानुवर्षं ओढलं. विद्यार्थी घरात राहायचे, त्या बदल्यात उठायला-बसायला मदत करायचे. १९८५ साली जिनिव्हात न्यूमोनिया झाला. यंत्र बंद करायचं का, असं डॉक्टरांनी जेनला विचारलं. तिनं नाही म्हटलं. श्वासनलिकेला छेद द्यावा लागला, जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर चोवीस तास परिचारिका लागल्या, त्यासाठी अमेरिकेतल्या एका संस्थेनं पैसे दिले.

आवाज गेल्यावर काय केलं? सुरुवातीला कुणीतरी तक्त्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवायचं आणि हवं ते अक्षर आलं की हे भुवई उंचावायचे. बस, इतकंच. नंतर वॉल्ट वोल्टोझ यांनी दिलेला संगणकाचा प्रोग्रॅम आला, मिनिटाला पंधरा शब्द जमू लागले. 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' १९८८ साली बाहेर आलं ते असं. पुढे बोटंही थांबली, तेव्हा गालाचा एक स्नायू उरला, त्यावर काम चालवलं.

त्या बाईंना मी नंतर फोन केला आणि फक्त तक्त्याचं सांगितलं. आपल्याकडे अडचण अशी, की काना-मात्रा-वेलांट्या धरून तक्ता भलताच मोठा होतो. त्यांच्या मुलीनं तोड काढली: आधी ओळ विचारायची, मग त्या ओळीतलं अक्षर, मात्रा शेवटी, आणि हो म्हणायला पापणी मिटायची. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागली. त्यांनी लिहिलं, 'पंखा कमी'.

रात्रभर पंखा मोठा असायचा, थंडी वाजायची. चार महिने कुणाला कळलं नव्हतं.