अंगणवाडीच्या दारातलं रडू

तीन वर्षांचं पोर अंगणवाडीत रमवायचं कसं, हा आजचा आपला विषय. विषय लहान वाटेल, पण आपल्या भिवंडी तालुक्यात त्यावर घरातलं बरंच काही ठरतं. कुणी गोदामात पॅकिंगला जाते, कुणी कारखान्यात कांड्या भरते, पावसाळ्यात सगळ्याच भातलावणीत. पोर दारात रडलं की आई त्याला परत घरी आणते. मग एक तर तिचा खाडा पडतो, नाही तर चौथीतल्या मोठ्या बहिणीला सांभाळायला घरी बसवतात. धाकट्याचं रडू थांबतं, पण मोठीची शाळा बुडते.

अंगणवाडी हा शब्दच आपल्या भागातला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांसाठी काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, खेळवायचं, गाणी म्हणायची, तेही त्यांच्याच ओळखीच्या जागेत. ती झाली अंगणवाडी. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सरकारची एकात्मिक बाल विकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला. यातून आपण एवढं घ्यायचं की मूल ओळखीच्या जागेत रमतं. म्हणून नवी जागा आधी त्याच्या ओळखीची करायची.

आता मूल रडतं का, ते बघू. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. ‘बारा वाजता येते’ याचा त्याला काही अर्थ लागत नाही. आई दिसेनाशी झाली, एवढंच त्याला कळतं. हे रडणं हट्ट नव्हे आणि लाडाने बिघडल्याची खूणही नव्हे. ती भीती आहे, आणि आई रोज ठरल्याप्रमाणे परत येते हे कळलं की ती आपोआप कमी होते.

आधीच्या आठवड्यात मुलाला घेऊन दोन-तीनदा अंगणवाडीत नुसतं जाऊन बसा. सेविकाताई आणि मदतनीसताई यांची नावं त्याला सांगा. घरात शू, शी, पाणी, भूक याला तुम्ही काय म्हणता, ते ताईंना सांगून ठेवा. आपल्याकडे कुणाच्या घरी आगरी, कुणाच्या वारली, कुणाच्या उर्दू, तेलुगू किंवा भोजपुरी बोलतात. मूल मागतंय काय हेच ताईंना कळलं नाही, तर ते चड्डीत करतं, बाकीची पोरं हसतात, आणि दुसऱ्या दिवशी ते यायलाच तयार होत नाही. चड्डी इलास्टिकची घाला, त्याची त्याला काढता आली पाहिजे.

पहिला आठवडा थोडा-थोडा वाढवत न्या. पहिल्या दिवशी मुलाजवळ तासभर बसा आणि त्याला घेऊनच घरी या. दुसऱ्या दिवशी मध्येच सांगून थोडा वेळ बाहेर जा आणि परत या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाऊच्या वेळेपर्यंत ठेवा. मग पूर्ण वेळ. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे. शेजारणीच्या पोराशी बरोबरी करू नका.

दारात काय करायचं? सगळ्यात आधी, पळून जाऊ नका. मूल खेळात गुंतलं की मागच्या मागे निघून जायचं, असं बऱ्याच जणी करतात. त्या दिवशी सुटका होते खरी, पण आई कधीही गायब होते हे मुलाला कळतं आणि दुसऱ्या दिवशी ते पदर घट्ट धरून बसतं. त्यापेक्षा सांगून जा. ‘तू खिचडी खाल्लीस, हात धुतलेस, की मी आले.’ खिचडी त्याला कळते, बारा वाजलेले कळत नाहीत. मग एक पापा घ्या, टाटा करा आणि निघा. दारात घुटमळलं की रडं वाढतं. आणि खिचडीनंतर येते म्हटलं, तर आलंच पाहिजे. स्वतःला जमत नसेल तर कोण येणार, आजी की काका, त्यांचं नाव सांगा.

‘चॉकलेट आणायला जाते’ असं खोटं सांगू नका. ‘रडलास तर ताई मारतील’ हे तर कधीच नको. ज्या ताईंपाशी त्याने दिवस काढायचा, त्यांचीच भीती आपण त्याच्या मनात घालतो. आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा किंवा रुमाल सोबत दिला, तर पुष्कळ मुलांना धीर येतो.

सुट्टीनंतर, आजारपणानंतर किंवा धाकटं भावंड झाल्यावर रमलेलं मूलही पुन्हा रडतं. घाबरू नका, चार दिवस पुन्हा तसंच करा. मात्र महिना उलटला तरी मूल तिथे काहीच खात नसेल, कुणाशी बोलत नसेल, झोपेत दचकत असेल किंवा एखाद्या माणसाचं नाव काढताच घाबरत असेल, तर ते नेहमीचं रडणं समजू नका. त्याला जवळ घेऊन शांतपणे विचारा, ताईंशी बोला, अंगावर वळ-खुणा आहेत का बघा. गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा.

राहिली खाड्याची गोष्ट. एकटीने तीन दिवस मजुरी बुडवणं परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. इथे गटाने उभं राहायचं. आमच्या एका गटाने मासिक बैठकीत पाळी लावली. ज्या दोघी-तिघींची मुलं नवीन, त्यांच्यातली रोज एक जण अंगणवाडीत बसते आणि सगळ्यांच्या मुलांकडे बघते. मुलंही आधीपासून या मावश्यांच्या ओळखीची. तिघींचे मिळून नऊ खाडे पडले असते, तिथे तीनच पडले, आणि कुणाच्याही मोठ्या मुलीला घरी बसावं लागलं नाही.

तेव्हा येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की एक प्रश्न विचारा: आपल्यातल्या कुणाचं मूल यंदा तीन वर्षांचं होतंय? त्यांची यादी करा, पाळ्या लावा आणि अंगणवाडीताईंनाही बैठकीला बोलवा.