शॅरनच्या पोटातला समुद्र
प्लुटोचा चंद्र शॅरन आज पार गोठलेला असला, तरी त्याच्या पोटात कधीकाळी समुद्र होता, असे मानायला भक्कम आधार आहे. जुलै २०१५मध्ये ‘न्यू होरायझन्स’ यानाने टिपलेल्या छायाचित्रांत त्याच्या मध्यभागी हजार किलोमीटरहून लांब भेगांचा पट्टा दिसतो. पाणी गोठताना फुगते. आतला समुद्र गोठला आणि वरचे कवच ताणून फाटले. या भेगा उल्कापाताच्या का नसाव्यात? आघाताने गोल विवरे पडतात, असा सलग ताणलेला पट्टा नव्हे. मला हाच पुरावा सर्वांत बोलका वाटतो. अवघ्या १,२१२ किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात एवढी ऊब कुठून आली, ही शंका मात्र रास्त आहे. पण खडकांतली किरणोत्सारी मूलद्रव्ये उष्णता देतात आणि अमोनिया पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतो. तो अमोनिया शॅरनच्या पृष्ठभागावर आढळलाही आहे.