सिनेमा विकत घेतला, पण तो आहे कुठे?

भिलाईच्या खुर्सीपारमधल्या एखाद्या जुन्या मराठी घरात टीव्हीखालचं कपाट उघडलं, तर व्हीसीडींची चळत आजही सापडू शकेल. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने छत्तीसगढात स्थायिक झालेल्या माणसांना मराठी सिनेमा घरी बघायचा, तर नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याला डिस्क आणायला सांगणं ही सोपी वाट होती. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर सिनेमा कामगाराच्या खिशालाही सहज परवडू लागला. पुढे डिस्कचा बाजारच आटला. २०१८ मध्ये त्याच कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया होऊन ती मोडीत काढण्याचा आदेश निघाला.

आता तोच सिनेमा फोनवर ‘विकत’ मिळतो. पैसे दोन्हीकडे मोजायचे, पण हाती काय पडतं यात मोठा फरक आहे.

डिस्क म्हणजे १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्या आत अतिसूक्ष्म खळग्यांची एकच सर्पिल रेघ आतून बाहेर फिरत जाते. डीव्हीडीत या रेघेचे दोन शेजारी फेरे एकमेकांपासून अवघे ०.७४ मायक्रॉन लांब असतात. एका थरावरची रेघ उलगडून सरळ केली, तर ती जवळपास १२ किलोमीटर भरेल, म्हणजे ढोबळमानाने खुर्सीपारहून दुर्ग स्टेशन गाठण्याइतकी. लेझरचा किरण हे खळगे वाचत जातो. त्याची तरंगलांबी जितकी कमी, तितकी माहिती दाटीने बसवता येते. व्हीसीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५०चा आणि ब्लू-रेसाठी ४०५चा. म्हणूनच एका थरात डीव्हीडी ४.७ जीबी साठवते, तर ब्लू-रे २५ जीबी. व्हीसीडीवर जेमतेम सव्वा तासाचं चित्र मावायचं, त्यामुळे मध्यंतराच्या सुमारास उठून दुसरी चकती घालावी लागे.

ओरखडे पडूनही डिस्क चालते, यामागे रीड-सॉलोमन नावाचं गणित आहे. मूळ माहितीसोबत जादा आकडे लिहिलेले असतात आणि सगळी माहिती विखरून ठेवलेली असते. काही भाग वाचता आला नाही, तरी उरलेल्यावरून तो पुन्हा काढता येतो.

विकत घेतलेल्या डिजिटल सिनेमाची फाइल मात्र कुलूपबंद असते. ती फोनवर उतरवली तरी उघडण्यासाठी लागणारी किल्ली कंपनीच्या सर्व्हरकडून येते. कंपनीचा निर्मात्याशी करार संपला किंवा दुकानच बंद झालं, तर किल्ली मिळायची थांबू शकते. २०२२ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या प्लेस्टेशन ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेले स्टुडिओकॅनाल या चित्रपट कंपनीचे चित्रपट त्यांच्या संग्रहातून काढून टाकण्यात आले. अशा विक्रीत ग्राहकाला केवळ परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगणं कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांवर बंधनकारक केलं आहे.

डिजिटल प्रतीचे फायदेही खरे आहेत. जागा लागत नाही, बुरशी लागत नाही, आणि नव्या कोडेकमुळे (म्हणजे चित्राची माहिती दाबून लहान करण्याच्या पद्धतीमुळे) सेकंदाला पाच मेगाबिटच्या जोडणीवरही डीव्हीडीपेक्षा कितीतरी रेखीव चित्र दिसतं. ब्लू-रेवर मात्र चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती वापरता येते. त्यामुळे अंधारातली दृश्यं, धूर, पाऊस अशा ठिकाणी तिचा वरचष्मा राहतो.

डिस्कही अमर नाही. आतल्या ॲल्युमिनियमच्या थरापर्यंत हवा पोहोचली, तर तो गंजतो. २००६ ते २००८ या काळातल्या आपल्या काही डीव्हीडी खराब होत असल्याचं वॉर्नर ब्रदर्सने २०२५ मध्ये मान्य केलं. घरी कॉपी केलेल्या डिस्कमध्ये माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असते. ऊन आणि उष्णता तिला आणखी लवकर मारतात.

मराठी सिनेमाला प्रती हरवण्याची किंमत ठाऊक आहे. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांची मूळ रिळं जळाली. तरीही प्रभातचाच १९३६चा ‘संत तुकाराम’ आपण पाहू शकतो, कारण त्याच्या प्रती इतरत्र होत्या. घरोघरी विखुरलेल्या डिस्कचं मोलही इथेच आहे: एक दुकान बंद पडलं म्हणून त्या सगळ्या एकदम नाहीशा होत नाहीत.

म्हणून भंगारवाल्याला देण्याआधी ती चळत एकदा तपासावी. डिस्क उभ्या, डबीत, भिलाईच्या मे महिन्यातल्या उन्हापासून लांब ठेवाव्यात. मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसाव्यात, गोल फिरवून पुसू नये. व्हीसीडीच्या छापील बाजूला विशेष जपावं, कारण चकाकणारा थर त्या बाजूला लॅकरच्या पातळ लेपाखालीच असतो. चालू प्लेअर असेल तर तोही जपून ठेवावा. आणि जो मराठी चित्रपट कुठल्याच ओटीटीवर सापडत नाही, त्याची डिस्क आधी बाजूला काढून ती चालते का ते पाहावं.