खुब्यांची खानेसुमारी

खुब्याचा सांधा बदलणारा एखादा निष्णात सर्जन वर्षाला शंभर-दीडशे शस्त्रक्रिया करत असेल. समजा, एका जातीचे कृत्रिम सांधे पाच वर्षांत शंभरातले पाच खराब होण्याऐवजी बारा खराब होऊ लागले, तर त्याला ते कळेल? बहुधा नाही. तो निरनिराळे सांधे बसवतो. त्यातून दुखरा खुबा घेऊन काही रुग्ण दुसऱ्याच डॉक्टरकडे जातात, काही गाव सोडतात, काही निमूट सोसत बसतात. दोष इतक्या रुग्णालयांत विखुरतो की कुणा एकाच्या नजरेत भरतच नाही.

यावर स्वीडनने काढलेला उपाय ऐकायला अगदीच कारकुनी: नोंदवही. गुडघ्यांची १९७५ साली सुरू झाली, खुब्यांची १९७९ साली. कोणत्या कंपनीचा कोणता सांधा, उजवा की डावा, सिमेंट लावून की तसाच, आणि रुग्णाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक. पुढे त्याच माणसाचा तोच सांधा देशात कुठेही पुन्हा बदलावा लागला, की दोन्ही नोंदी एकमेकींना सापडतात. मृत्यूची नोंदही जोडावी लागते; नाहीतर वारलेल्या माणसाचा सांधा उत्तम टिकलाय, असंच वही धरून चालेल!

ऑस्ट्रेलियात अशी नोंदणी १९९९मध्ये सुरू झाली. पुढे तिथे डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ सांधा आला. धातूच्या वाटीत धातूचाच गोळा. २००७पासून नोंदणीतले आकडे सांगू लागले की हा सांधा इतरांपेक्षा फार लवकर बदलावा लागतोय. वाटी उथळ होती, त्यामुळे गोळा तिच्या कडेवर घासायचा आणि कोबाल्ट-क्रोमियम भोवतालच्या मांसात, रक्तात उतरायचं. वहीला यातलं काही ठाऊक नव्हतं.  तरी तिने नेमकं बोट ठेवलं, हे मला अजूनही अद्भुत वाटतं. ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने तो सांधा जगभरातून परत मागवला, तोवर तो सुमारे ९३ हजार शस्त्रक्रियांत वापरला गेला होता.

अर्थात वही फसवतेही. इंग्लंडच्या नोंदींत एक गंमत दिसली: मांडीच्या हाडाचा गोळा कापून न टाकता त्यावर धातूची टोपी चढवलेले रुग्ण, पूर्ण सांधा बदललेल्यांपेक्षा जास्त जगत होते. वय, लिंग, इतर आजार जुळवून पाहिले तरी फरक उरलाच. टोपीने आयुष्य वाढतं? छे! सर्जन ती शस्त्रक्रिया मुळातच धडधाकट माणसांवर करतात, आणि त्यांच्या नजरेने टिपलेला तो धडधाकटपणा कोणत्याही रकान्यात बसत नाही. म्हणून लाखो नोंदी हाताशी असल्या, तरी ‘कोणाला काय आणि का बसवलं’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

आपल्याकडे एएसआर सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल २०१८मध्ये बाहेर आला, तेव्हा यातल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. भारतात सांध्यांची नोंदणी सर्जनांच्या संघटनेने सुरू केली आहे, पण ती ऐच्छिक आहे. तेव्हा घरात कुणाचा सांधा बदलला, तर इम्प्लांटच्या खोक्यावरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा, आणि ते कार्ड जपून ठेवा.