दोन स्पीकर ऐकताना कान कुठे फसतात?

माजलगावच्या घरातून रेकॉर्ड केलेल्या आजच्या भागाचा हा लिखित मजकूर.

घरच्या हॉलसाठी स्पीकर घ्यायचे म्हणून पुण्यात एका दुकानात गेलो होतो. दोन जोड्या ऐकल्या, महागडी लगेच आवडली. मग सहज फोनमधलं आवाज मोजायचं ॲप उघडलं, तर तीच जोडी तीन डेसिबलने मोठी वाजत होती. दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला, आणि आता कुठली चांगली हे मला सांगताच येईना!

गोम इथंच आहे. आवाज किंचित वाढला की कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. बास तर जास्तच भरीव लागतो.

दुसरे फसतात ते डोळे. 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमन कंपनीतल्या 40 जणांना चार स्पीकर ऐकवले. आधी समोर दिसत असताना, मग पडद्यामागे. पडदा आला आणि भारी दिसणाऱ्या स्पीकरचे गुण घसरले. ही माणसं ऑडिओ कंपनीतलीच होती बरं का!

म्हणजे महाग ते सगळं थोतांड का? तसंही नाही. आपल्या पुण्याच्या केडन्स कंपनीने हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले. त्यात दोन जाळीदार पत्र्यांमधला अतिशय पातळ पडदा विजेच्या दाबाने हलतो, आणि बाससाठी नेहमीचा वूफर असतो. पडदा हलका, म्हणून तंबोऱ्याच्या तारेचे बारकावे तो छान दाखवतो. हा फरक खरा आहे.

पण घरी आणल्यावर खोलीही बोलते. 15 फुटी हॉलमध्ये साधारण 38 हर्ट्झचा बास घुमतो. त्यात शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असल्या की शब्द घुमून अस्पष्ट होतात. एक सतरंजी, जाड पडदे, आणि स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे, एवढं आधी करून बघा.

दुकानात जाल तेव्हा आवाज ॲपवर सारखा करा, ओळखीचंच गाणं लावा, आणि कुठली जोडी वाजतेय हे न बघता मित्राला बदलायला सांगा. दहापैकी पाच-सहा वेळाच ओळखता आली, तर उरलेले पैसे खिशात ठेवा.

तुमचे कान काय म्हणाले, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!